भरणी नको

माझं सगळ्यांत मोठं देणं कोणाचं असेल, तर ते आमच्या गावच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंचं. आमचं गाव मराठवाड्यातलं, तालुक्याचं. वडील मोंढ्यात पोती उचलायचे, आई तिथेच धान्य निवडायची. घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं, त्यामुळे पुढे काय असतं हे विचारायलाही कोणी नव्हतं. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला बाई स्वतः आमच्याबरोबर एसटीने आल्या. रांगेत वडील फॉर्मची घडी बोटांनी पुन्हा पुन्हा घालत आणि उलगडत होते. बाई त्यांना म्हणाल्या, "तुम्ही घाबरू नका. घाबरायचं काम माझ्याकडे द्या."

पण मी त्यांचा ऋणी आहे तो एवढ्यासाठीच नाही. आमच्या शाळेचं मैदान बाजारतळाला लागून होतं. सोमवारचा बाजार उठला की सडकी भाजी, फुटके क्रेट, कोंबड्यांची पिसं, सगळं आमच्या कुंपणाच्या आत एका कोपऱ्यात येऊन पडायचं. मुख्याध्यापकांनी 'कचरा टाकू नये' अशी पाटी लावली, तर लोक पाटीच्या बुडाशीच टाकायला लागले. मग एका मंगळवारी सकाळी बाईंनी आमचा वर्ग फळ्यासकट त्या कोपऱ्यात नेऊन बसवला. एक व्यापारी भरलेली टोपली घेऊन आला. बाईंनी त्याला हटकलं नाही. "या," म्हणाल्या, "मुलांना सांगा. काय आणलंत, कुठून आणलंत, आणि इथे का टाकताय?" माणूस टोपली धरून उभा राहिला. आम्ही सगळी पोरं त्याच्या तोंडाकडे बघत होतो. तो वळला आणि टोपलीसकट परत गेला. बाई फळ्याकडे वळल्या. "कानात सांगितलं की कोणी ऐकत नाही. चारचौघांत विचारायचं. हं, आता समीकरण."

ते समीकरण मी विसरलो. बाकीचं पुढे नवी मुंबईत कामाला आलं.

मी घणसोली गावात खोली घेऊन राहतो. घरमालकीण साठीची बाई, इथलीच आगरी. सगळी गल्ली तिला काकी म्हणते, म्हणून मीही म्हणतो. नवी मुंबई वसली तेव्हा त्यांची शेती गेली. खाडीच्या अंगाला एक तुकडा तेवढा राहिला. काकी त्यात थोडं भात आणि हिवाळ्यात वाल लावते. गल्लीचं पावसाचं सगळं पाणी त्याच शेतातून खाडीकडे जातं. त्याच्या बांधावर खाडीकाठच्या भेंडीचं जुनं मोठं झाड आहे, आणि झाडावर एक गंजका पत्रा ठोकलेला. त्यावर निळ्या रंगात वाकडी अक्षरं: 'भरणी पाहिजे'. काकीच्या नवऱ्याने वारण्याआधी स्वतः रंगवलेली. भरतीच्या पाण्याने एकदा बांध फुटला होता, तेव्हा त्याला शेताच्या सखल कडेला घालायला लाल माती हवी होती. इकडे भरावाच्या मातीला भरणी म्हणतात, आणि रिकाम्या जागेवर असे बोर्ड लावायची रीतच आहे. माती आली, बांध झाला, माणूस गेला. बोर्ड काकीने काढला नाही. त्याच्या हातची अक्षरं घरात दुसरीकडे कुठेच नव्हती.

एका रविवारी दुपारी मी मटण घेऊन परत येत होतो, तर गल्लीच्या टोकाशी काकीचा आवाज.

"माझ्या शेतान कोनी टाकला ह्यो? कोनाचा बाप मेला म्हनून हितं आनून पुरला?"

जाऊन बघितलं, तर शेताचा अर्धा भाग राड्यारोड्याखाली गेलेला. सिमेंटची ढेकळं, वाकलेल्या सळया, फुटके कमोड, विटांचा चुरा. पाण्याची वाट पूर्ण बुजलेली. पावसाळा फार लांब नव्हता. ढीग राहिला तर गल्लीत घराघरांत पाणी शिरणार होतं. आणि दुसरी गोष्ट काकीला माझ्याआधी कळली होती. "आज ढीग, उद्या सपाट, परवा कोनतरी टपरी टाकनार. मंग मी म्हातारी कोरटात फिरू?"

मी ढिगाजवळ वाकलो आणि माझा हात थांबला. एका टाइलवर द्राक्षांचा घड छापलेला होता, हिरव्या पानांसकट. ही टाइल मी ओळखत होतो. मी ज्या कंत्राटदाराकडे साइट इंजिनिअर होतो, तो वाशीला एका जुन्या सोसायटीची इमारत पाडून नवीन टॉवर बांधत होता. चौथ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरात ओट्यामागची सबंध भिंत अशा द्राक्षांची होती. ती भिंत माझ्यासमोर पडली होती. तिथून निघालेला डंपर ठरलेल्या डेब्रिज केंद्रावर, म्हणजे पालिकेच्या राडारोडा घेण्याच्या जागी, जातो, असं मला सांगितलं जायचं.

"काकी," मी म्हणालो, "हा माल माझ्या साइटवरचा आहे."

काकीने माझ्या हातातल्या मटणाच्या पिशवीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आदी एक सांग. तू त्यांचा मानूस हाय का माजा भाडेकरू?"

मी टाइल उचलून घेतली. घरी धाकटी बहीण नर्सिंगला होती आणि तिचा खर्च माझ्या पगारावर चालायचा, हे काकीला माहीत होतं. तरी तिने विचारलं. बरोबरच होतं तिचं.

दुसऱ्या दिवशी महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात रीतसर तक्रार केली. तिथल्या माणसाने नीट ऐकून घेतलं, पोच दिली. मग म्हणाला, "गाडीचा नंबर आहे का? नाही? आणि साहेब, जागेवर 'भरणी पाहिजे' असा बोर्ड असेल तर ते लोक म्हणणार, बाईंनीच बोलावलं. मग काय करणार?"

तेच साइटवर ऐकायला मिळालं. प्रोजेक्टचे साहेब केबिनमध्ये चहा पीत होते. मी टाइल टेबलावर ठेवली.

"अरे बॉस, टेन्शन कशाला घेतोस?" साहेब हसले. "तिने बोर्ड लावलाय. आपण फुकटात भरणी दिली. समाजसेवा झाली."

"त्यांना माती हवी होती, साहेब."

"मातीच आहे ही. आधी भिंत होती, आता माती."

"यात कमोड आहेत."

"मग खत समज." केबिनमधले दोघे खो खो हसले. साहेबांनी आवाज खाली आणला. "तुझी घरमालकीण आहे का? आधी बोलायचं ना. उद्यापासून तिकडे एक गाडी जाणार नाही. दुसरीकडे टाकू. खूश?"

दुसरीकडे म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी शेतात. तिथेही कोणी म्हातारी असेल, फक्त तिच्याकडे भाडेकरू इंजिनिअर नसेल. मी म्हणालो, "खूश नाही. काकीच्या शेतातला ढीग उचला. आणि पुढच्या गाड्या केंद्रावर जाणार नसतील तर मी गेटवरून सोडणार नाही."

"तू सोडणार नाहीस?"

"मी नाही."

साहेबांनी चहा संपवला. "पोरा, तू डिग्री घेतलीस ती नोकरी करायला ना?"

मला वडिलांची रांगेतली बोटं आठवली. आणि मग बाईंचा फळा.

त्या संध्याकाळी काकीला मी फक्त एवढंच सांगितलं की येत्या रविवारी सकाळी साइटवर भूमिपूजन आहे. सोसायटीचे सगळे जुने रहिवासी येणार, बिल्डरशेठ येणार.

"म्हंजे चारचौघं असतील," काकी म्हणाली.

"भरपूर असतील."

रविवारी मंडप टाकला होता. खुर्च्यांवर रहिवासी बसलेले, गुरुजी कलश मांडत होते. तेवढ्यात गेटशी एक टेम्पो थांबला. काकी आणि गल्लीतल्या चार-पाच बायका उतरल्या. सगळ्यांनी ठेवणीतली लुगडी नेसलेली, डोक्यावर झाकलेल्या पाट्या. वॉचमनला वाटलं पूजेचं सामान आलं, त्याने वाट करून दिली. बायका सरळ मंडपात आल्या आणि पाट्या कलशासमोर ओतल्या. टाइलचे तुकडे, प्लास्टर, नळाची तोटी, वरून एक अर्धा कमोड.

"ज्याचा त्याला आनलाय," काकी म्हणाली. "बाकीचा माझ्या शेतान हाय, तो पन घेऊन जा."

शेठ उठले. "कोण आहे ही?"

साहेब पुढे धावले. "काही नाही सर, गैरसमज आहे. आजी, तुम्ही तिकडे बसा, आपण नंतर बोलू."

मी उभा राहिलो. माझा आवाज चिरका निघाला, पण निघाला. "नंतर नको साहेब. आत्ता सगळ्यांना सांगा. हे काय आहे, कुठून निघालं, आणि यांच्या शेतात का टाकलं?"

साहेब म्हणाले, "बाईंनीच बोर्ड लावलाय! भरणी पाहिजे म्हणून!"

"माझ्या मानसाने लाल माती मागितली व्हती," काकी म्हणाली. "तुमची मोरी नाय मागितली."

मागच्या खुर्च्यांवर हशा पिकला. पण पुढच्या रांगेतली एक बाई हसली नाही. ती उठून आली आणि ढिगातून एक तुकडा उचलला. ती चौथ्या मजल्यावर राहायची, निवृत्त परिचारिका होती. तिने पदराने धूळ पुसली. द्राक्षं दिसली.

"ही माझ्या ओट्यामागची," ती म्हणाली. मग शेठकडे वळली. "आमचं घर तुम्ही कुठे नेऊन टाकलंत, ते आम्हाला आज कळलं. यांचं शेत मोकळं होत नाही तोवर इथे नारळ फुटायचा नाही."

सोसायटीचे चेअरमन घाईने म्हणाले, "हे आपण मिटिंगमध्ये ठरवू."

"सगळे बसलेत की. हीच मिटिंग."

गुरुजी म्हणाले, "मुहूर्त टळतोय."

"टळू द्या," कोणीतरी मागून म्हणालं. मग दुसरं म्हणालं. त्या दिवशी नारळ फुटला नाही.

जेसीबी आला तो त्याच आठवड्यात. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून "उद्यापासून येऊ नकोस" म्हटलं, तेही त्याच आठवड्यात. मी हेल्मेट टेबलावर ठेवलं आणि थेट शेतावर गेलो. शेवटचा डंपर भरेपर्यंत काकी आणि मी बांधावर प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून बसलो. शेवटच्या डंपरच्या मागे मी मोटारसायकल घातली आणि तो केंद्राच्या आत शिरलेला बघूनच परतलो. ढिगाबरोबर शेताची वरची चांगली मातीही खरवडून गेली. काचा आणि टाइलचे कपटे अजून पायाला लागतात. पण पाण्याची वाट मोकळी झाली आणि तुकडा काकीचा राहिला.

बोर्ड काढ म्हटलं, तर काकी ऐकेना. शेवटी मी 'पाहिजे' तेवढं खरवडलं आणि तिथे 'नको' रंगवलं. 'भरणी' तिच्या नवऱ्याच्या हातचीच आहे.

मग बाईंना पत्र लिहिलं. ते असं:

आदरणीय बाई,

सविनय जयभीम.

वडिलांकडून तुम्हाला कळलंच असेल की माझी नोकरी सुटली. त्यांनी काळजीच्या सुरात सांगितलं असेल, म्हणून मी स्वतः लिहितोय. मला काढलं, कारण मी चारचौघांत विचारलं. मी माफी मागितलेली नाही आणि मागणार नाही. खांदेश्वरला एका छोट्या कंत्राटदाराकडे आता काम मिळालंय. पगार कमी आहे, पण बहिणीचं शिक्षण थांबणार नाही. पहिल्याच दिवशी त्याला सांगितलं, डेब्रिज कुठे जाणार ते आधी दाखवा. त्याने माझ्याकडे नीट बघून घेतलं आणि दाखवलं.

तुमची शाळेच्या कोपऱ्यातली गोष्ट मी घरमालकीण काकींना सांगितली होती. परवा दुपारी आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक भरलेला डंपर येऊन उभा राहिला. शेजारचा प्लॉट रिकामा आहे, त्यावर त्याचा डोळा होता. मी कामावर होतो. काकी खुर्ची घेऊन गेली आणि डंपरच्या समोर रस्त्याच्या मधोमध बसली. गल्लीतल्या बायका गोळा झाल्या. काकी ड्रायव्हरला म्हणाली, "ये रे, खाली ये. सगल्यांना सांग. काय आनलाय, कुठशी आनलाय, नि हितं का टाकतोस?"

बाई, तो भरलेला डंपर तसाच उलटा गेला.

आपला विद्यार्थी