राखेची गादी

पहिल्याच दिवशी बाळारामदादांनी मला बॉयलरजवळच्या ओट्यावर बसवलं आणि विचारलं, "मेहता, काल कोलसा किती आला?"

मी नुकताच बी.कॉम. झालेला. पावती खिशातच होती. "दहा टन," मी म्हणालो.

"न्हाय. सात. बाकीच्या तीन टनावर तुमी बसलाव."

मी खाली पाहिलं. गुडघाभर उंचीचा तो लांबलचक ओटा काळपट, पापुद्रे सुटलेल्या दगडांचा होता. चांद्याकडच्या खाणीतून येणाऱ्या कोळशात हे दगड असायचे. दादांनी ते गेली कित्येक वर्षं निवडून बाजूला काढले होते आणि एकावर एक रचून ओटा केला होता. "रेल्वेचं भाडं भरून आनलाय," ते म्हणाले, "नीट बसा. फुकटचा न्हाय."

ऐंशीच्या दशकाचा तो मध्य असेल. भिवंडीत इस्माईलशेठच्या साइजिंगमध्ये मी मेहता म्हणून लागलो होतो. मेहता म्हणजे कारखान्याचा कारकून, देखरेख करणारा आणि मालकाचा कान, सगळं एकच. लूमवर, म्हणजे मागावर, चढण्याआधी ताण्याच्या उभ्या सुताला खळ लावावी लागते, आणि ती खळ वाफेने तापलेल्या मोठ्या डब्यांवर वाळवावी लागते. ते काम साइजिंगचं. वाफ कमी पडली तर सूत ओलं राहतं आणि लूमवर तुटतं. जास्त झाली तर काडीसारखं कडक होतं आणि तरीही तुटतं. म्हणजे आसपासच्या गल्ल्यांमधले दीडदोनशे लूम सुरळीत चालायचे ते एका माणसाच्या हातावर. तो माणूस म्हणजे आमचा फायरमन, बाळारामदादा. वळ गावचे, घरी थोडी भातशेती. सायकलवरून यायचे. बुटके, रुंद, आणि आगीसमोर उभं राहून चेहऱ्याची एक बाजू दुसरीपेक्षा काळी झालेली.

फायरमन सकाळी आल्यावर वाफेचा काटा बघतो. दादा आधी कालची राख बघायचे. घमेल्यांनी राख तराजूवर चढवायचे, चिमटीत घेऊन चोळायचे, मग भिंतीवर खडूने रेघा ओढायचे. एका गाडीत राख किती आणि त्या गाडीवर सुताचे बीम, म्हणजे ताण्याचे रूळ, किती वाळले, एवढंच त्यांचं गणित. कोळशाचा भाव त्यांनी कधी विचारला नाही. "भाव शेठला इचारा. मी बीमाचं बोलतो," असं म्हणायचे.

दुपारच्या चहाला शेठ कधीकधी बॉयलरकडे येऊन त्याच ओट्यावर बसायचे. शेठ इथलेच, कोकणी मुसलमान. चारपाच पिढ्या सुताच्या धंद्यातल्या. त्यांची आणि दादांची रोजची एक भांडणाची जागा ठरलेली होती.

"बाळाराम, आपल्या देशात एवढ्या खाणी, आणि मला दगड पाठवतात. हा काय इन्साफ आहे?"

"त्यांना ठावं हाय शेठ, तुमी जाल कुठं? दुसरं दुकान असतं त दगड निवडून पाठवला असता. हाटात एकच म्हावरेवाली बसली, त ती कालचे बोंबील आजचे म्हनून इकनारच."

"म्हणजे मी सरकारला सांगू, दुसरी म्हावरेवाली आण?"

"सांगा नं. तुमचं ऐकतात का बगा."

आणि नव्वदच्या पुढे दोनतीन वर्षांत दुसरी म्हावरेवाली खरंच आली. बाहेरचा माल आणायची बंधनं सैल झाली आणि मुंबई बंदरावर उतरलेला परदेशी कोळसा आमच्यासारख्या लहान कारखान्यांनाही व्यापाऱ्यांमार्फत मिळू लागला. वर्तमानपत्रांत रोज त्यावर लेख येत. मी ते कापून ठेवत होतो. मला वाटू लागलं होतं की कॉलेजात शिकलेलं सगळं आता माझ्याच टेबलावर घडणार आहे.

मी हिशेब मांडला. जहाजाचा कोळसा टनाला बराच महाग, पण त्यात उष्णता जास्त, राख अगदी कमी. दगडाचं रेल्वेभाडं वाचणार, राख उचलायची मजुरी वाचणार. पावसाळ्यात खाणीत पाणी भरलं म्हणून वॅगन अडली, ही कटकटही नाही. कागदावर जहाज सरळ जिंकत होतं. मी तो कागद शेठपुढे ठेवला. शेठ म्हणाले, "बाळारामला दाखव."

दादांना वाचता येत नव्हतं. मी नमुन्याचा कोळसा आणून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो फोडला, वास घेतला, उन्हात धरला. काचेसारखा चमकत होता.

"लई चांगला हाय," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू? असा कोलसा मी जल्मात जालला न्हाय."

"मग?"

"मंग काय. आपली जाली बग." त्यांनी भट्टीचं दार उघडून कोळसा जिच्यावर जळतो ती लोखंडी जाळी दाखवली. "ही चांद्याच्या कोलशासाठी केलेली हाय. त्याची राख खाली पडते, जालीवर बसते. गादीवानी. आग वर ऱ्हाते, जाली खाली थंड ऱ्हाते. तुज्या कोलशाला राख न्हाय. आग थेट लोखंडावर बसंल. धा दिस टिकंल, ईस दिस टिकंल."

"मग करायचं काय?"

"मिसळ कर. दोन घमेली हितला, एक घमेलं जहाजाचा. राख बी ऱ्हाईल, ताकद बी येल. आनि चांद्यावाल्याशी बोलनं तोडू नको. डालरचा भाव तुज्या हातात न्हाय, जहाज कवा येल ते बी न्हाय. दोघंजन दारात उभे असले, त दोघंबी सरळ ऱ्हातील."

आज हे लिहिताना मला दिसतं की आयात करावी की आपल्याच खाणीतलं वापरावं, या प्रश्नाचं याहून शहाणं उत्तर मी कोणत्याही लेखात वाचलेलं नाही. त्या दिवशी मात्र मला राग आला. मिसळ केली तर माझा हिशेब सिद्ध कसा होणार? कोणत्या कोळशाने किती वाचवलं हे वेगळं दाखवताच येणार नव्हतं. मला शेठपुढे स्वच्छ आकडा ठेवायचा होता. मी दादांना हुकूम दिला: महिनाभर फक्त जहाजाचा कोळसा, मिसळ नाही, आणि जाळी रोज साफ खरवडलेली पाहिजे.

दादांनी माझ्याकडे बघितलं. "तू मेहता हायस," एवढंच म्हणाले आणि खरवडणी उचलली.

पहिले पंधरा दिवस काय सांगू! काटा हलत नव्हता. बीम धडाधड वाळत होते. शेठनी सगळ्यांना माव्याचे पेढे वाटले. मी दादांना म्हणालो, "काय दादा, कुठे आहे तुमची गादी?" ते हसले नाहीत. रोज वाकून जाळीकडे बघत होते.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी भट्टीत धप्पकन आवाज झाला. जाळीच्या पट्ट्या लाल होऊन मधे खचल्या आणि अख्खी आग राखेच्या खड्ड्यात कोसळली. दादांनी धावत जाऊन पाणी-वाफ सांभाळली म्हणून पुढचा अनर्थ टळला. पण नवीन जाळी ओतून बसवेपर्यंत बॉयलर आठ दिवस बंद राहिला. दिवाळी तोंडावर होती. लूमवाले शेठच्या दारात येऊन ओरडत होते, कारण ताणा नाही तर लूम बंद, लूम बंद तर कारागिराला मजुरी नाही.

शेठनी मला आत बोलावलं. "हे कसं झालं?"

माझ्यापुढे दोन वाक्यं होती. खरं वाक्य लहान होतं. मी दुसरं बोललो.

"शेठ, दादांनी आग जास्त तापवली. वय झालंय. नवा कोळसा त्यांना झेपला नाही."

बस, एवढंच. कुणी मला धमकावलं नव्हतं. नोकरी गेली असती असंही आता वाटत नाही. फक्त माझा कागद चुकला हे मला म्हणायचं नव्हतं.

शेठनी दादांना आगीवरून काढलं. कामावरून नाही, तेवढे ते भले होते. गेटवर बसवलं, गाड्यांच्या पावत्या बघायला. ज्याला वाचता येत नाही त्याला पावत्या बघायला! बॉयलरवर शिवपूजन नावाचा जौनपूरकडचा तरुण आला. दादा रोज सायकलवरून यायचे, गेटवरच्या लाकडी स्टुलावर बसायचे. बॉयलरकडे फिरकायचेही नाहीत. पंचवीस वर्षं आग सांभाळलेला माणूस दिवसभर रस्त्याकडे तोंड करून बसलेला असायचा.

याहून लाजिरवाणं पुढे आहे. नवी जाळी बसल्यावर मी शिवपूजनला गुपचूप सांगितलं, दोन घमेली देशी, एक घमेलं जहाजाचा. जाळीवर बोटभर राख राहू दे. सगळं सुरळीत झालं. चांद्याच्या व्यापाऱ्याला आम्ही बंदरावर जातो हे कळलं, आणि त्याच्या कोळशातले दगड आपोआप कमी झाले. शेठ चारचौघांत म्हणाले, "आमच्या मेहत्याचं डोकं बघा!" मी मान खाली घालून उभा राहिलो. लोकांना तो विनय वाटला.

आठ महिने असे गेले. मग पावसाळा आला, देशी कोळसा भिजून येऊ लागला आणि वाफ पडू लागली. मी प्रमाण बदलून बघितलं, जमेना. शिवपूजन म्हणाला, "साहब, गेटवाले बाबा से पूछिए ना. उनको सब मालूम है."

त्या संध्याकाळी मी दादांच्या सायकलीमागून वळ गावी गेलो. ते पडवीत पाय धूत होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. शेठना काय बोललो होतो, तेही.

"मना ठावं हाय," ते म्हणाले. "शेठनी त्याच दिशी सांगलंवतं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

त्यांनी टॉवेलने पाय पुसले. सावकाश, एकेक बोट. "काय बोलू? जाली जलनार हे मना ठावं होतं, का तुला?"

"तुम्हाला."

"आनि घमेलं कोनाच्या हातात होतं? माज्या. तुजा हुकूम चुकीचा हाय हे ठावं असून बी मी कोलसा टाकला. मंग फायरमन कसला मी? गेटवर बसवला ते बरोबरच झालं. माजी चूक मी भोगली." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुजी तुज्याकडंच हाय. ती हितं आनून ठेवू नको. शेठकडं ने."

वहिनींनी चहा आणला. दादांनी मला ओल्या कोळशाचं सांगितलं: पावसात प्रमाण उलटं करायचं, आणि देशी कोळसा दोन दिवस बॉयलरच्या मागच्या भिंतीशी पसरून ठेवायचा. एवढं साधं.

दुसऱ्या दिवशी मी शेठपुढे उभा राहिलो. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"लूम आठ दिवस बंद होते," ते म्हणाले. "तू आठ महिने मला त्याच्यासमोरून ये-जा करायला लावलंस. मी त्याचा सलाम घेत होतो रे!"

ते मला ओरडले नाहीत. उठले आणि स्वतः गेटवर चालत गेले. मी लांबून बघत होतो. शेठ काय बोलले ते ऐकू आलं नाही. दादांचं मात्र ऐकू आलं, कारण आगीच्या आवाजात बोलून बोलून त्यांचा आवाज मोठाच होता.

"येतो शेठ. पन मेहता आठ दिस माज्याबरोबर घमेलं मारंल."

मी मारलं. पहिल्या दिवशी भुवया जळल्या, तिसऱ्या दिवशी हात वर होईनात. दादा मागे उभे राहून शिकवत होते आणि मनापासून शिव्या देत होते. शिवपूजन तोंडात गमछा कोंबून हसत होता. माझ्या नोकरीतले ते सगळ्यात सुखाचे आठ दिवस. सातव्या दिवशी मला गादी हाताला कळली. खरवडणी जाळीला लागण्याआधी मऊ थांबते, तिथे हात थांबवायचा. कागदावर हे लिहिता येत नाही. मी प्रयत्न केला होता.

दादांनी त्यानंतर चार वर्षं आग सांभाळली आणि शिवपूजनला तयार केलं. निवृत्तीच्या दिवशी शेठनी विचारलं, "बाळाराम, काय देऊ?" आम्हाला वाटलं, घड्याळ मागतील, नाहीतर नातवाची नोकरी.

"एक लिहून द्या," दादा म्हणाले. "आगीच्या कामात फायरमन 'न्हाय' बोलला, त मेहत्याचा हुकूम चालनार न्हाय. मना ती सवय न्हवती. ह्या पोराला असूं दे."

शेठनी माझ्याकडे बघितलं. मी कागद घेतला, मराठीत आणि हिंदीत लिहिलं आणि खाली पहिली सही माझी केली. दादांनी अंगठा उठवला. तो कागद काचेत घालून बॉयलरशेजारी लावला. त्यानंतर दोनच पावसाळ्यांनी दादा गेले. वळ गावी मी खांदा द्यायला गेलो होतो. शेठही आले होते, वय झालेलं असूनही बांधावरून चालत.

पण त्याआधी, दादा घरी बसल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात, बंदरावरून एक गाडी आली. माल स्वस्तात पडला होता, सौदा मीच केला होता आणि स्वतःवर खूश होतो. शिवपूजनने एक ढेकूळ उचललं, फोडलं, नाकाशी नेलं. क्षणभर त्या काचेतल्या कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे. घाबरलेला होता बिचारा.

"नहीं साहब," तो म्हणाला. "ये नहीं डालूँगा."

माझे कान तापले. का नाही, हे विचारायला तोंड उघडलं होतं. मग मी गेटवर गेलो आणि ड्रायव्हरला गाडी वळवायला सांगितली.