उष्टावणाचा तांदूळ

मी संशयी आहे असं घरातले चेष्टेनं म्हणतात आणि मी ते खुशाल मान्य करते. डॉक्टरने लिहून दिलेली गोळीसुद्धा मी दोनदा उलटीपालटी करून बघते. पण नातीच्या उष्टावणाला मी जे केलं, त्याची चेष्टा मला अजून सहन होत नाही.

आमच्याकडे बाळाच्या तोंडात जाणारा पहिला भात घरच्याच शेतातला लागतो. शेत आमच्या रायपूरच्या घरापासून तासाभरावर, ते माझे धाकटे दीर कसतात. दिवाळीनंतर गेले, तर बांधावर काळ्या, भुरभुरीत मातीचा ढीग दिसला.

"हे काय भाऊजी?"

"खत हाये वहिनी. शहरातल्या गटारीचं पाणी साफ करतेत ना, त्याचा गाळ. वाळवून देऊन राहिले. धानाले बी हेच टाकलं होतं. पाहा, वास तरी येते का?"

वास येत नव्हता, आणि तेच मला खटकलं. चौबे कॉलनीतली आमची मोरी त्यात, दवाखान्यांच्या मोऱ्या त्यात, गॅरेजांचं काळं पाणी त्यात. एवढं सगळं गेलं कुठे? मी काडीनं ढीग उकरला. शाम्पूच्या पुडीचा एक तुकडा निघाला. तो मी पुरावा म्हणून रुमालात बांधून घरी आणला.

सून म्हणाली, "मम्मीजी, टेस्ट करके ही देते होंगे."

देत असतील! असल्या अंदाजावर मी नातीला जेवू घालणार नव्हते.

भाऊजींनी दुबराज तांदळाचं पोतं आणून दिलं. उघडताच घर घमघमलं. ते गेल्यावर मी पोतं पलंगाखाली सारलं आणि बूढापारा भागातल्या दुकानातून गुपचूप दुबराजच विकत आणला.

"कहाँ का है भैया?" मी विचारलं होतं.

"यहीं आसपास का है दीदी, मंडी से आता है."

मला हायसं वाटलं. का वाटलं, हे आज मलाही सांगता येत नाही.

उष्टावणाला त्याच तांदळाची खीर केली. मामाने सोन्याच्या अंगठीनं पहिला घास भरवला आणि नात मिटक्या मारू लागली. भाऊजींनीही वाटी तोंडाला लावली, अन् थांबले. मग माझ्यामागे स्वयंपाकघरात आले.

"वहिनी, हा आपल्या वावरातला तांदूळ नोहे."

खोटं बोलायचं ठरवलं होतं, पण त्यांच्यासमोर जमलं नाही. "नाही," मी म्हटलं. "तुमच्या त्या खताची भीती वाटली."

ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांचा चेहरा उतरला.

"घरासाठी तळ्याकाठचा तुकडा मी वेगळाच ठेवला. तिथं तं निस्तं शेणखत टाकलं. पोट्टीचं उष्टावण हाये, मले काय समजत नाई?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण माझा स्वभाव कुठे गप्प बसतो!

"अन् बाकीच्या वावरातलं धान?"

त्यांनी खिरीची वाटी ओट्यावर ठेवली.

"ते मंडीत गेलं."

बाहेर नात आणखी खिरीसाठी रडत होती आणि मामा वाटीत चमचा बुडवत होता. मी धावत जाऊन त्याचा हात धरला.