खंडेनवमीचा चंदेरी रंग

नंदकिशोर देवस्थळी ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एका रसायनांच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होते. इतकी वर्षं नोकरी झाली, पण अपघाताचं कारण शोधायला त्यांना खुर्ची सोडावी लागली नव्हती. कुणी घसरो, कुणी भाजो, कारण ठरलेलं: ह्युमन एरर. खारघरला त्यांच्या सोसायटीत लिफ्ट बंद पडली, तर आत अडकलेल्या बाईंनाच त्यांनी बाहेरून विचारलं होतं, "तुम्ही नक्की काय केलंत?"

यंदा खंडेनवमीच्या पूजेला मालक येणार म्हटल्यावर त्यांच्या अंगात वारं संचारलं. त्यांनी अख्खा प्लांट चंदेरी रंगवून घेतला. कठडे, जिने, पाइप काही सुटलं नाही. टाकी धुवायच्या एकाच नळीवर शेजारी शेजारी बसलेले वाफेचा लाल व्हॉल्व्ह आणि पाण्याचा हिरवा व्हॉल्व्ह, तेही चंदेरी झाले. वर झेंडूच्या माळा चढल्या. मालक खूश झाले, पेढे वाटले गेले, सुरक्षितता गेली चुलीत.

दसऱ्यानंतर दुसऱ्या विभागातून बदलीवर आलेला पंढरी टाकी धुवायला गेला. एका हातात नळी धरली, दुसऱ्या हाताने पाणी समजून वाफ सोडली. नळीवरचा हात पार भाजून निघाला.

चौकशीला पंढरी हाताला बँडेज बांधून आला. तळवलीतलं त्याचं घर या एका पगारावर चालायचं, आणि नंदकिशोररावांची शिफारस तयार होती: निष्काळजी कामगार, कामावरून कमी करावा.

"साहेब, दोनी सारकेच दिसतान," पंढरी म्हणाला.

"अरे, लहान पोरालाही कळेल!"

"मग दाखवाच एकदा," मॅनेजर सुचित्रा मॅडम म्हणाल्या. अपघातानंतर वाफ बॉयलरपाशीच बंद केली होती, त्यामुळे भीती नव्हती.

सगळे प्लांटमध्ये गेले. नंदकिशोरराव हेल्मेट सावरत पुढे झाले, डाव्या हातात नळी घेतली आणि ऐटीत "हा पाण्याचा" म्हणत एक व्हॉल्व्ह फिरवला. नळी कोरडीच. मॅडमनी शेजारचा फिरवला, तेव्हा पाणी भस्सकन नंदकिशोररावांच्या बुटांवर आलं.

"जाऊ द्या हो," मॅडम चटकन म्हणाल्या. "रंगच एक आहे, तुमचा काय दोष!"

नंदकिशोररावांना हायसं वाटलं. मग त्यांची नजर बँडेजकडे गेली, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तोंडातलं ठरलेलं कारण गिळलं. लाजेने कान तापले होते.

"मॅडम, याला कामावर राहू द्या. रंग मी द्यायला लावला होता," ते कसेबसे म्हणाले.

पंढरी जवळ आला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, काळजीच होती.

"बरा झाला साहेब, आज वाफ बंद हाय. नायतर तुमचा पन हात गेला असता."