रेडिओतल्या बाईचं अर्धं भाषण

पावणेपाच वाजले होते. वकीलसाहेबांच्या भिंतीवरच्या घड्याळात, हो. आमच्या घरात घड्याळ कुठलं? तिथून जो घोळ सुरू झाला तो मी अजून निस्तरते आहे. तुम्ही हसाल, खुशाल हसा. मला मात्र राग येतो, आणि तो कोणावर काढावा ते कळत नाही म्हणून तुमच्यापुढं बसले. चहा घ्या, निवून राहिला.

आमचा मळा अमरावतीच्या वेशीला लागून. वांगी, मेथी, कडेनं शेवंती. वकीलसाहेबांकडे पूजेची फुलं मीच पोचवते. त्यांच्या बैठकीत रेडिओ आला तेव्हापासून वकिलीणकाकू आठवड्यातून एकदा गल्लीतल्या बायांना बोलवत. त्या दिवशी बायांसाठी भाषण असे. आम्ही सतरंजीवर बसायचो, डोक्यावर पदर घेऊन. आता त्या पेटीपुढं पदर कशाला, असं विचाराल. मधेच आतून पुरुष बोलतो ना!

माझी शांता पाच महिन्यांची. पहिलं लेकरू. ती शिंकली तरी माझा जीव वर जाई, आणि निवांत झोपली तर नाकाशी बोट धरून बघे. त्यात मी सातवी पास. म्हणजे वाचलेलं, ऐकलेलं सगळं खरं मानण्याइतकं शिक्षण झालेलं, आणि उलटं विचारण्याइतकं न झालेलं.

भाषण लेकरांना पाजण्याचं होतं. बाईचा आवाज असा की ती सांगेल तर माणूस विहिरीतही उतरेल. ती म्हणाली, विलायतेतल्या दायांचा नियम असा की मूल घड्याळ बघून पाजावं. चार तास झाल्याशिवाय छातीशी घेऊ नये. मधे रडलं तर रडू द्यावं, उचलू नये. रडण्यानं फुप्फुस बळकट होतं, स्वभावाला शिस्त लागते. मी एकेक शब्द मनात घोकला. मग ती म्हणाली, "परंतु भगिनींनो," आणि ओट्यावर जोडे वाजले.

पुरुष आले. पाचला लढाईच्या बातम्या, त्या ऐकायला अर्धी गल्ली लोटते. आणि पुरुष आले म्हणजे बायांनी उठायचं. कोणी ऊठ म्हणत नाही, तरी उठायचं. काकू चहा ठेवायला आत गेल्या, आम्ही मागच्या दारानं घरी. मागं रेडिओ बोलतच होता. लढाई कुठल्या समुद्रात चाललेली, आणि बैठक सोडायची आम्ही.

घरी पोचले तर शांता रडत होती. उचलली नाही.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, चुलीपाशी होत्या. "काहून वो, लेकरू रडून रायलं. कानात बोळे घातले का?"

"चार तास होऊ द्या आत्याबाई, कचेरीच्या घंटीचा टोल पडला का मंग पाजीन."

"काहून? पोट्टी कचेरीत नोकरीले लागली का?"

"रेडिओत सांगतलं. रडलं का फुप्फुस बळकट होते."

"तुह्या नवऱ्याले म्या कधी रडू नाई देल्लं. तो मळ्यातून हाक मारते त अचलपुरात आयकू येते. त्याच्यात काय कमी हाय?"

अडाणी माणसाशी काय बोलायचं, असं मी मनात म्हटलं. पण खरं सांगू? शांता रडे तसा मला पान्हा फुटे. चोळी भिजून पोटापर्यंत ओघळ येई, आणि मी दाराची चौकट धरून टोलाची वाट बघत उभी. असला मूर्खपणा शिकल्याशिवाय येत नाही.

बरं, घरात केलं ते केलं. दुसऱ्या दिवशी भाजीबाजारात गेले आणि शेजारी बसणाऱ्या यमुनाबाईला सगळं सांगितलं. तिनं मिरचीवालीला सांगितलं. चांदूर रेल्वेहून गाडीनं येणाऱ्या बाया उभ्या होत्या, त्याही ऐकून गेल्या. मला काय अभिमान वाटला म्हणता! एवढ्या बायांत रेडिओ ऐकलेली मी एकटी.

त्याच्या पुढच्या दिवशी चांदूरची एक बाई मलाच सांगू लागली, "तुले मालूम नाई का? रेडिओत सांगतलं म्हने, सहा तास पाजाचं नाई. आन् लेकराच्या खोलीत बी जाचं नाई."

आता इथं शहाण्या बाईनं काय ओळखायला हवं होतं? माझीच बातमी चांदूरला जाऊन फुगून परत आली. पण मी काय म्हटलं? मी म्हटलं, माझंच ऐकण्यात चुकलं असेल, हिनं पूर्ण भाषण ऐकलेलं दिसतं. घरी आले आणि चाराचे सहा केले.

त्या दुपारी शांता रडून रडून दमली, आवाज बसला. आत्याबाईंनी तिला माझ्या देखत उचललं, साखरेच्या पाण्यात बोट बुडवून चोखवलं, आणि माझ्याकडे पाठ करून बसल्या.

संध्याकाळी हे मळ्यावरून जेवायला आले. ह्यांचा मुक्काम मळ्यावर, राखणीला. घरी जेवणापुरते यायचे, आणि मोठ्यांच्या देखत आम्ही नवराबायको बोलत नाही हे तुम्हाला माहीतच आहे. मी दाराआड. शांता आत हुंदके देत होती.

हे आईला म्हणाले, "माय, पोट्टीले काय झालं? घुटी दे काही."

"रेडिओ झाला तिले," आत्याबाई म्हणाल्या. "टोल पडल्याबिगर पाजत नाई तुही बायको."

ह्यांचा घास हातातच राहिला. "अरे, हे त त्या बाईनं करू नोका म्हून सांगतलं. म्या सोता आयकलं, वकिलाच्या ओट्यावर. परंतु भगिनींनो, म्हने, हे विलायती खूळ आपल्या घरात आनू नोका. लेकरू रडलं का पयले छातीशी घ्या."

मी दाराआडून बाहेर आले. पदर कुठं, सासू कुठं, काही भान नाही. "तुमी आयकलं? मंग मले सांगतलं काहून नाई?"

"बायाईचं भाषन होतं ते," हे म्हणाले. "मी त लढाईच्या बातम्या आयकाले गेल्तो." आणि वर काय म्हणाले? "वकीलसाहेब हासले बी. म्हने, असं करन तरी कोनती भैताड बाई?"

"सापडली म्हून सांग त्याईले," आत्याबाई म्हणाल्या, आणि पोर माझ्या मांडीवर आणून टाकली.

शांता अशी लुचली की मला रडू आलं. रागाचंही आणि दुसरंही. बायांसाठीचं भाषण, बायांना अर्धं, पुरुषांना पुरं. ज्यांना पाजायचं नाही त्यांनी ऐकून घेतलं आणि बातम्यांची वाट बघत बसले.

सकाळी धावत बाजारात गेले. चांदूरची ती बाई दिसली. तिची सून पहिलटकरीण, लेकरू तीन महिन्यांचं. मी म्हटलं, "बाई, ते सारं चूक होतं. रडलं का पाजा."

तिनं मला खालून वर पाहिलं. "तू कोन वो सांगनारी? आमी रेडिओचं आयकतो. तुह्यासारख्या भाजीवालीचं आयकून लेकरू बिघडवाचं का?"

"अवो, ते म्याच सांगतलं होतं."

"हव. रेडिओत तूच बोलत होती," ती म्हणाली आणि मेथीची जुडी परत ठेवून गेली.

तिच्या घरचं ते लेकरू आजही टोलाची वाट बघत असेल. म्हणून तुम्हा सगळ्यांना हात जोडते. चांदूरला, अकोल्याला, अचलपूरला, जिथं तुमचं माणूस असेल तिथं कळवा की लेकरू रडलं की उचला आणि पाजा. फक्त मी सांगितलं असं सांगू नका. रेडिओत सांगितलं म्हणा.