चार पोत्यांची नोकरी

अण्णा, माझा थोरला भाऊ, गेला त्याला दोन महिने झाले. त्याच्या पगाराचं आम्हाला किती कौतुक होतं, ते अलीकडं सारखं आठवतं.

आमच्या भूम गावात तेव्हा पगार पोत्यांत मोजत. कुणाला नोकरी लागली की पहिला प्रश्न ठरलेला : महिन्याला ज्वारी किती पोती येईल? वडील शाळेत मास्तर. त्यांच्या पगारात जेमतेम दोन पोती येत. अण्णाला मुंबईत कारकुनी मिळाली, ती चार पोत्यांची.

बाजारात शेजारचे काका म्हणाले, "एकटा माणूस चार पोती खाणार कवा, मास्तर? उंदरं पाळायचीत का तिथं?"

वडील हसले. त्याच भरवशावर त्यांनी ठरवलं : दोन पोत्यांचे पैसे अण्णानं घरी पाठवायचे आणि मी उस्मानाबादला मावशीकडं राहून मॅट्रिक व्हायचं. अण्णा हो म्हणाला. त्याची मनिऑर्डर कधी चुकली नाही.

दीड वर्षानं वडील त्याला भेटायला गेले. चाळीतल्या एका खोलीत सातजण होते. अण्णाची वळकटी बाहेर गॅलरीत.

"तुझी जागा कुठंय?"

"हीच की. वारं चांगलं येतंय, बाबा."

त्या जागेचं भाडं आणि खानावळीचं एक वेळचं जेवण यांतच उरलेली दोन पोती संपत. दुसऱ्या वेळी तो नुसता चहा घेई.

पुढच्या बाजारी काकांनी विचारलंच, "सरतात का चार पोती?"

"तिथं निजायच्या जागेलाच एक पोतं जातंय," वडील म्हणाले, आणि भाजी न घेताच घरी आले.

मला शाळेतून काढायचं त्यांनी ठरवलं, तसं अण्णाला कळवलंही. उलट टपाली त्याचं कार्ड आलं : 'तिची शाळा सुटणार असेल, तर मी इथं कशासाठी राहू? मला गॅलरीची सवय झाली आहे.'

मी शिकले. अणदूरला शिक्षिका झाले. पहिल्या पगारातले निम्मे पैसे त्याला पाठवले. पंधरा दिवसांत तेवढ्याच रकमेची त्याची मनिऑर्डर आली. कुपनावर बारीक अक्षरात लिहिलं होतं : 'तुझं एक पोतं इथं येईपर्यंत पसाभर होतं. तिथंच राहू दे. एखादं चांगलं पुस्तक घे.'

पुस्तक घेतलं. कुपन अजून त्यातच आहे.