निम्मंच आणा

शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या आमच्या घरी दर संक्रांतीला पंधरा-सोळा कुटुंबं जमतात. प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा. पण आपलं पातेलं कमी पडलं तर लोक काय म्हणतील, या धास्तीने जो तो एकटाच सगळ्यांना पुरेल इतकं करून आणतो. मागच्या वर्षी मंडळी गेल्यावर मी मसालेभाताचा अख्खा ट्रे आणि कितीतरी भाजी काळ्या पिशवीत ओतली. अंगणातला खताचा डबा जानेवारीत गोठून दगड झालेला असतो, त्याचाही उपयोग नाही. फेकलेलं अन्न कुजलं की त्यातून निघणारा वायू हवेची कशी वाट लावतो, हे नवरा मागे उभा राहून मला समजावत होता. पिशवीचं तोंड मात्र मीच बांधलं. मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो. पुन्हा अन्न टाकायची वेळ आली तर आपल्याकडची संक्रांत बंद, असं मी त्याला सांगून टाकलं.

मी ते करीन हे त्याला ठाऊक होतं. त्याला माणसांची भारी हौस. म्हणून यंदा त्याने ग्रुपवर सगळ्यांना कळवलं, की नेहमीच्या निम्मंच आणा.

झालं भलतंच. बाकीचे निम्मं आणणार म्हणजे कमी पडणार, असा विचार करून प्रत्येकाने दुप्पट आणलं. टेबल भरलं, ओटा भरला, मग ट्रे गॅरेजमध्ये गेले. हिवाळ्यात गॅरेज हाच आमचा दुसरा फ्रीज. तिथे बघते तर गुळपोळ्यांचा एक मोठा खोका आधीच ठेवलेला. तो आमच्याच मेसेजवाल्याने गुपचूप मागवला होता.

निघताना मी डबे भरून द्यायला लागले, तर फ्रीजमध्ये जागा नाही म्हणून सगळे हात मागे घ्यायला लागले. नवऱ्याचा चेहरा पार उतरला. ते बघून माझं डोकंच फिरलं. मी दारात, बुटांच्या ढिगापाशी जाऊन उभी राहिले.

“उद्या दुपारी सगळ्यांनी परत जेवायला यायचं,” मी म्हटलं. “आणि हात हलवत यायचं. कुणी काही घेऊन आलं तर आत घेणार नाही.”

दुसऱ्या दिवशी उरलेल्या भाज्या आणि आमटीत पिठं कालवून थालीपिठांचा गोळा मळून ठेवला, पोळ्यांचा कुस्करा केला, भात फोडणीला टाकला. लोक आले, पण रिकाम्या हातांचं काय करावं ते कुणाला कळेना. जो तो कोटाच्या खिशात हात घालून अवघडून उभा. पहिलं थालीपीठ तव्यावरून उतरलं तसे सगळे स्वयंपाकघरातच येऊन बसले, काही जण चक्क जमिनीवर. आदल्या दिवशीपेक्षा जास्त हसलो आम्ही. तीनच्या सुमाराला ट्रे रिकामे झाले. मला फार बरं वाटलं.

आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या काकू रिटायर्ड डॉक्टर आहेत. काका गेल्यापासून त्या एकट्याच राहतात. त्यांनी फोडणीचा भात दुसऱ्यांदा मागून घेतला. मी वाढताना म्हटलं, काकू, शिळंच खायला बोलावलं तुम्हाला.

“अगं, एकटीपुरता मूठभर भात लावते,” त्या म्हणाल्या. “उरतच नाही काही. हे गेल्यापासून फोडणीचा भात आजच खातेय.”

मग त्यांनी विचारलं, पुढच्या वर्षी आहे ना ग संक्रांत? नवरा भांडी विसळायचं थांबवून माझ्याकडे बघायला लागला.

“आहे की,” मी म्हटलं. “दोन्ही दिवस.”