कापसामागची भिंत

माझ्यासारख्याने लिहावं का, ठाऊक नाही. चुकलं तर माफ करा. वसतिगृहात ओलसर गादीचा वास आला की घरची कापसाची खोली आठवते. चांगला भाव येईपर्यंत कापूस तिथेच भिंतीला लावून ठेवलेला, त्याला ओल लागू नये म्हणून खिडकी कायम बंद, आणि शेजारीच धाकटी बहीण झोपायची. तिचा खोकला औषधानेही जात नव्हता. सुट्टीत घरी गेलो तेव्हा मी म्हटलं, “बाबा, ढिगामागून वास येऊन राह्यला.” “कालेजात वास घ्याले शिकवतेत काय?” म्हणत बाबा हसले, पण ढीग ओढू लागले. मागची भिंत बुरशीने काळी पडली होती. आम्ही कापूस ओसरीत हलवला, भिंत खरवडून चुना लावला, खिडकी उघडली. मी वसतिगृहात परत आलो, आणि महिन्याभराने आईचा फोन आला, “खोकला गेला रे तिचा. आता दिवसभर गाणी म्हणून डोकं खाऊन राह्यली.”